घराची निगा : जुन्या टाइल्स आणि त्यांच्यामागची भिंत

पुण्याच्या एका पेठेंतून आमच्या एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचा वाडा शंभर वर्षांहून जुना. भिंती विटामातीच्या, वर चुन्याचा गिलावा. स्वयंपाकघरांत ओट्यामागच्या भिंतीस १९६८ सालीं त्यांच्या सासऱ्यांनीं सहा इंची पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या. आतां त्यांपैकीं कित्येक तडकल्या आहेत, दरजा काळ्या पडल्या आहेत, आणि दोन तर आपण होऊन गळून पडल्या. भिंतीच्या पलीकडे थोरल्या जावेचें देवघर असून देवांचा कोनाडा याच भिंतींत आहे. ठेकेदार म्हणतो, "मशीन लावून एका दिवसांत सगळें उतरवून देतों, भिंत उखडली तर वरून सिमेंट मारूं." थोरल्या जाऊबाई म्हणतात, या भिंतीस कोणीं हात लावूं नये. धाकट्या बाईंनीं आम्हांस विचारलें आहे, "भिंतीस इजा न होतां टाइल्स काढतां येतात काय? आणि आम्हां दोघींत चूक कोणाची?"

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण तें सोपें आहे. चूक दोघींचीही नाहीं. सुटलेली टाइल आज ना उद्यां शिजत्या अन्नांत किंवा काम करणाऱ्या हातावर पडणार, हें धाकटीस दिसतें. एकदां हादरलेली मातीची भिंत पुनः पूर्ववत् होत नाहीं, हें थोरलीस ठाऊक आहे. चूक आहे ती "एका दिवसांत" या दोन शब्दांची. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र सविस्तर द्यावयास हवें, आणि तें केवळ या एका वाड्यापुरतें नाहीं.

आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. संधि सोडविण्याचा पाठ आला कीं एखादा उतावळा विद्यार्थी 'विद्यालय' शब्दाचे 'विद्या' आणि 'लय' असे दोन तुकडे करी, आणि विद्येचें घर तें विद्येचा नाश होऊन बसे. पदें जोडलीं कोठें, हें ज्यानें ओळखलें नाहीं त्यानें तीं तोडूं नयेत, एवढाच त्या पाठाचा सारांश. टाइल काढण्याच्या कामांतही दुसरें शास्त्र नाहीं. टाइल ओढून काढावयाची नसते. ती जेथें चिकटली आहे तो सांधा सोडवावयाचा असतो.

हा सांधा कोठें आहे हें समजण्यासाठीं भिंतीचे थर ध्यानांत घ्यावेत. सर्वांत आंत विटा. त्यांवर गिलावा. गिलाव्यावर टाइल बसविण्याचा मसाला, म्हणजे सिमेंट व वाळू यांचा बोटभर जाडीचा थर. त्यावर टाइल. टाइलीच्या पाठीवर मसाल्यानें पकड घ्यावी म्हणून बारीक रेघा किंवा खांचे असतात. या चार थरांपैकीं ज्या दोहोंतील पकड सर्वांत दुबळी, तेथेंच ओढ बसतांच फाटतें. सिमेंटच्या गिलाव्याची भिंत असेल तर बहुधा टाइल व मसाला यांच्यामध्यें फाटतें आणि भिंत वांचते. चुन्याच्या भिंतीवर मात्र टाइलीमागचा सिमेंटचा मसाला अंगच्या गिलाव्याहून बळकट असतो. म्हणून तेथें जोर केला कीं टाइल आपल्याबरोबर मसाला घेऊन येते, मसाला गिलावा घेऊन येतो, आणि कधीं कधीं गिलाव्यामागून विटेचा टवकाही निघतो.

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ अॅस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें; पण आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यांत सिमेंट तयार होऊं लागलें तें १९१४ च्या सुमारास. त्यापूर्वींचीं आपलीं घरें चुन्यावर उभीं आहेत. संस्कृतांत चुन्यास 'सुधा' म्हणतात, आणि सुधेनें लिंपलेला तो 'सौध', म्हणजे वाडा. अमृतासही तोच शब्द. चुना मऊ असतो, भिंतीचा ओलावा आंतबाहेर जाऊं देतो, आणि इमारत किंचित् हलली तर तिच्याबरोबर हलतो. सिमेंट कठीण आहे, पण त्याच्या अंगीं ही सोशिकता नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत 'वज्रलेप' नांवाच्या अति चिवट लेपाची कृति दिली आहे, आणि त्याच ग्रंथांत विहीर खणतांना लागलेला खडक तापवून फोडण्याच्या युक्तीही आहेत. जोडण्याची विद्या आहे, फोडण्याची आहे. न फोडतां सोडविण्याचा अध्याय मात्र आम्हांस त्यांत आढळला नाहीं. तो आपल्याकडे गवंड्यांच्या हातांत राहिला.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला प्रश्न, टाइल्स काढावयास हव्यातच काय? बोटाच्या पेरानें किंवा छिन्नीच्या लाकडी मुठीनें एकेक टाइल हलकेच वाजवून पाहावी. भरीव आवाज आला तर पकड शाबूत आहे. पोकळ आवाज आला तर मागें हवा शिरली आहे. पोकळ टाइलीवर खडूनें फुली मारावी. सारी भिंत वाजवून झाली कीं फुल्यांची वस्ती कोठें दाट आहे तें एका दृष्टींत कळतें. थोड्याच फुल्या असतील तर तेवढ्याच टाइल्स बदलाव्या, काळ्या दरजा खरवडून नव्यानें भराव्या आणि बाकीच्यांस अभय द्यावें. साऱ्या टाइल्स घट्ट असून केवळ रूप आवडत नसेल, तर जुन्यांवरच चिकटद्रव्यानें नव्या बसवितां येतात. भिंत तेवढी जाड होते, विजेचीं बटणें पुढें घ्यावीं लागतात, आणि भार वाढतो. म्हणून दुबळ्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर हा उपाय करूं नये.

काढावयाच्याच ठरल्या तर वेळ निवडावी. पावसाळ्यांत गिलावा वाळत नाहीं, वैशाखांत तो फार लवकर वाळून तडकतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. चार-सहा दिवसांसाठीं स्वयंपाक दुसऱ्या खोलींत हलवावा, आणि गॅसची टाकी बंद करून खोलीबाहेर न्यावी. नळाचा मुख्य कॉक बंद करावा. विजेचें मेन स्विच बंद करून बटणांच्या पाट्या उतरवाव्या. भिंतींतून गेलेल्या तारा व नळ बहुधा बटणांपासून आणि तोट्यांपासून उभ्या किंवा आडव्या सरळ रेषेंत जातात. त्या रेषा खडूनें आंखून ठेवाव्या व त्यांवर यंत्र चालवूं नये. मोरीचें व सिंकचें तोंड चिंधीनें बंद करावें, नाहींतर खपल्या नळींत जाऊन दुसरेंच दुखणें उभें राहतें. ओट्यावर व जमिनीवर गोणपाट दुहेरी अंथरावें. दारास ओली चादर लावावी. पलीकडच्या खोलींतील भिंतीला टेकलेल्या वस्तु, फडताळांतील कांचसामान, तसबिरी आणि कोनाड्यांतील देव काम संपेपर्यंत दुसरीकडे ठेवावे.

हत्यारें थोडीं आणि हलकीं असावीं. अर्ध्या किलोची हातोडी, दोन बोटें रुंदीची चपटी छिन्नी, एक अरुंद छिन्नी, आणि दरजा खरवडण्यासाठीं लोखंड कापण्याच्या करवतीचें पातें. घण आणि पहार यांचें या कामांत कांहीं काम नाहीं. ब्रेकर यंत्राचा ठोका भिंतींत काटकोनांत शिरतो. सिमेंट-काँक्रीटच्या जाड भिंतीस तो सोसवेल, पण मातीच्या जोडणीची वीट त्यानें जागच्या जागीं सैल होते. ती सैल झाल्याचें त्या दिवशीं दिसत नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत दिसतें.

प्रथम दरजा सोडवाव्या. दोन टाइल्समधील पांढरें सिमेंट पात्यानें खरवडून खांच करावी, म्हणजे एका टाइलीचा हादरा दुसरीस पोंचत नाहीं. दरजेंत थोडें पाणी शिंपडलें कीं धूळ कमी उडते. मातीच्या भिंतीवर मात्र बादलीनें पाणी ओतूं नये. विजेचें कटर वापरणार असाल तर पात्याची खोली टाइलीच्या जाडीहून अधिक ठेवूं नये. जुनी पांढरी टाइल सुमारें पांच-सहा मिलिमीटर जाड असते. त्यापुढें पातें गेलें कीं तें गिलावा चिरूं लागतें.

सुरुवात वरच्या ओळीच्या उघड्या कडेपासून करावी. वरून खालीं आल्यानें सुटलेली टाइल डोक्यावर लोंबत राहत नाहीं. फुली मारलेली टाइल कडेस असेल तर तीच पहिली. कडा मोकळी नसेल, तर एका टाइलीचा बळी द्यावा लागतो. तिच्यावर चिकटपट्टी फुलीसारखी लावावी, मधोमध ड्रिलनें चार-पांच भोकें पाडावीं आणि अरुंद छिन्नीनें मधल्या भागापासून तुकडे काढावे. कडेकडून मध्याकडे ठोकूं नये, कारण मग शेजारणीस धक्का बसतो. एक टाइल निघाली कीं पुढच्या टाइलीची पाठ उघडी पडते, आणि खरें काम तेथून सुरू होतें.

चपटी छिन्नी टाइलीच्या पाठीमागें, मसाल्याच्या थरावर ठेवावी आणि ती भिंतीशीं जवळजवळ समांतर धरावी. फार तर पंधरा-वीस अंशांचा कोन. घाव हलके, पण पुष्कळ असावेत. एकाच जागीं दहा घाव घालण्यापेक्षां कडेनें सरकत दहा जागीं एकेक घाव घालावा, म्हणजे पकड सर्व बाजूंनीं सारखी सुटत जाते. आवाज बदलला, टणटण होती ती भदभद होऊं लागली, कीं छिन्नी थोडी आंत सरकवून हातानेंच पेलावी. छिन्नी भिंतीवर टेकवून तरफेप्रमाणें उचकटूं नये. सगळा जोर तेव्हां तिच्या टोंकाखालच्या चिमूटभर गिलाव्यावर येतो, आणि भिंतीस खड्डे पडतात ते बहुतेक याच एका कृतीनें.

चुन्याच्या भिंतीवर टाइलीबरोबर मसाल्याचें पोपडें येऊं लागलें तर थांबून पाहावें. मसाला गिलाव्यापासून स्वच्छ सुटत असेल तर छिन्नी त्या दोहोंच्या सांध्यांत घालावी. गिलावाच विटेपासून सुटत असेल तर तो आधींच मेलेला होता. त्यास राखण्याचा हट्ट धरूं नये. गिलावा हें भिंतीचें वस्त्र आहे. शरीर म्हणजे वीट आणि तिची जोडणी. वस्त्र फाटलें तर नवें शिवतां येतें. म्हणून "भिंतीस इजा न होतां" याचा प्रामाणिक अर्थ इतकाच, कीं विटा हलूं नयेत, जोडणी झडूं नये आणि पलीकडच्या बाजूस चीर जाऊं नये. दर ओळ संपल्यावर घरांतील एकानें पलीकडे जाऊन भिंत डोळ्यांखालून घालावी. केसाएवढी नवी चीर दिसली तरी त्या दिवसाचें काम बंद करावें.

टाइल्स निघाल्यावर भिंतीस चिकटून राहिलेला मसाला घट्ट असेल तर तो तसाच राहूं द्यावा. केवळ उंचवटे घांसून सपाट करावे. तो मऊ करण्यासाठीं कोणी अॅसिड सुचवितात. मोरी धुण्याचें अॅसिड सिमेंटपेक्षांही चुन्यास आधीं खातें. चुना फसफसून त्यांतून वायु निघतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. चुन्याच्या भिंतीवर त्याचा थेंबही पडूं देऊं नये. व्हिनेगर, गरम पाणी इत्यादि घरगुती उपायांनीं सिमेंट सुटत नाहीं. त्यांत वेळ घालवूं नये.

खड्डे बुजवावयाचे ते सजातीय द्रव्यानें. सिमेंटच्या गिलाव्यास सिमेंट, चुन्यास चुना. सैल कडा चौकोनी कापून घ्यावी, धूळ झाडावी, जागा ओली करावी, आणि एक भाग चुना व तीन भाग वाळू असा मसाला पातळ थरांनीं भरावा. जुने गवंडी घाणींत मळलेल्या चुन्यांत गूळ व हिरडा घालीत. चुना हवेंतील कार्बनवायु शोषून दगडासारखा होतो, म्हणून त्यास आठवड्यांची मुदत द्यावी लागते. ठेकेदार म्हणतो त्याप्रमाणें वरून सिमेंट मारलें, तर भिंतींतील ओल कोंडते, मग ती दुसरा मार्ग शोधते आणि देवघराच्या बाजूस लोणा फुटतो. आमची तर सूचना अशी कीं नव्या टाइल्स ओट्यावर दोन फूट उंचीपर्यंतच बसवाव्या. तेलाचे शिंतोडे त्यापुढें फारसे जात नाहींत; वरची भिंत चुन्याची राहूं द्यावी, म्हणजे तिला श्वास घेतां येईल.

ज्यांचीं घरें गृहसंकुलांत आहेत त्यांस मातीची चिंता नसली तरी दुसरी आहे. तेथील आंतल्या भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या, सुमारें साडेचार इंचांच्या असतात. यंत्राचा घाव सरळ शेजाऱ्याच्या कपाटामागें उमटतो. शेजारीं आगाऊ सांगावें, सोसायटीस कळवावें आणि खांब व तुळई यांवर छिन्नी चालवूं नये. तेथें मागील मसाला पातळ व चिकटद्रव्याचा असेल तर टाइल तुकड्यांनींच निघते. मग घाई न करितां तुकड्यांनींच काढावी.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जपानांतून आपल्या देशांत उठावाच्या रंगीत टाइल्स येत. कांहींवर फुलें, कांहींवर लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण असत. मुंबई, गुजराथ, तामिळनाडू येथील जुन्या घरांत त्या अद्याप दिसतात. आपल्या घरांत अशी एखादी असेल, तर प्रथम ती तेथेंच ठेवण्याचा विचार करावा. काढावीच लागली तर तिच्या भोवतालच्या साध्या टाइल्स आधीं काढाव्या, आणि मग चारी बाजूंनीं करवतीचें पातें मागच्या मसाल्यांत चालवावें. तिला घाव घालूं नये. पाठीचा मसाला टेबलावर, निवांतपणें सोडवावा.

हें सर्व भिंतीविषयीं झालें. आतां त्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या मनुष्याविषयीं. फुटलेल्या टाइलीची धार वस्तऱ्यासारखी असते. जाड हातमोजे, डोळ्यांस चष्मा आणि पायांत बंद जोडे यांवांचून कोणासही काम करूं देऊं नये. धूळ याहून वाईट. टाइलींत व वाळूच्या मसाल्यांत सिलिका असते. तिचे अति सूक्ष्म कण फुप्फुसांत बसतात आणि वर्षानुवर्षें ती धूळ घेणाऱ्यास 'सिलिकोसिस' हा रोग होतो. फुप्फुसांची झालेली हानि भरून काढणारें औषध नाहीं. आपण हें काम आयुष्यांत एकदां करवून घेतों. बिगारी तें रोज करतो, आणि तोंडास पंचा बांधतो. पंचानें हे कण अडत नाहींत. एन-९५ जातीचे मास्क घरधन्यानें स्वतः आणून द्यावे, त्यांची किंमत मजुरींतून कापूं नये, आणि दुपारच्या जेवणापूर्वीं त्या माणसांस हातपाय धुण्यास पाणी द्यावें. कोरडें झाडूं नये. पाणी शिंपडून मग गोळा करावें. मुलें, म्हातारीं माणसें व दमेकरी यांस त्या बाजूस फिरकूं देऊं नये. गोणींत राडारोडा अर्धाच भरावा. वाड्याच्या माडीवर त्याचा ढीग करूं नये, लाकडी तक्तपोशीस तो भार सोसत नाहीं. तो नदीकांठीं तर मुळींच टाकूं नये. नगरपालिकेच्या व्यवस्थेनें न्यावा.

आतां भगिनींच्या ठेकेदाराकडे येऊं. तो वाईट मनुष्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें काम उक्तें घेतलें आहे, आणि उक्त्या कामांत प्रत्येक घटका त्याच्या पदरची जाते. हलके पुष्कळ घाव घालावयास वेळ लागतो, आणि त्या वेळाचा पैसा त्याच्या हिशेबांत नाहीं. म्हणून तो ब्रेकर आणतो. पुढें उखडलेल्या भिंतीस सिमेंट मारण्याचा खर्च मात्र आपल्या हिशेबांत येतो. बाकीचें बांधकाम हवें तर उक्तें द्यावें. टाइल्स सोडविण्याचें काम जाणत्या गवंड्यास रोजंदारीवरच द्यावें. पहिल्या दिवशीं चार-सहा टाइल्स निघाल्या तरी त्यास टोचून बोलूं नये. तो दिवस भिंत ओळखण्यांत जातो. त्यासाठीं अधिक लागलेले दोन-तीन रोज दोन्ही जावांनीं निम्मेनिम्म द्यावे, कारण भिंत निम्मी निम्मी आहे.

त्या पहिल्या दिवशीं छिन्नी कोपऱ्यांतल्या एका पोकळ टाइलीस लावावी, आणि त्या वेळीं थोरल्या जाऊबाईंनीं पलीकडे कोनाड्यापाशीं भिंतीस हात लावून उभें राहावें. हातास हादरा जाणवला नाहीं तर काम पुढें चालवावें. जाणवला तर त्यांनीं हांक मारावी, आणि त्यांची हांक शेवटची समजावी.

पुढील अंकीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळण्याविषयीं लिहूं.